देवगोईचा उतार

मी ट्रक सोडला तो मुलीमुळे. तेव्हा आम्ही तापीकाठच्या प्रकाशा गावात रस्त्याला लागूनच राहायचो आणि मी केळीच्या गाड्या घेऊन दिल्ली-कानपूरकडे जायचो. घरासमोरून कुठलाही ट्रक हॉर्न वाजवत गेला की पोरगी ओट्यावर धावत यायची आणि हात हलवून ओरडायची, "पप्पा!" तिच्या लेखी प्रत्येक ट्रक म्हणजे पप्पा. आणि मी खराखुरा, खांद्याला पिशवी लावून पायी दारात आलो की ती आईच्या मागे लपायची. बायको हे शेजारणींना हसत सांगायची. मलाही हसू यायचं, पण एका खेपेवरून आलो आणि पुन्हा गेलो नाही.

त्यानंतर आश्रमशाळेत स्वयंपाकी म्हणून लागलो. हंगामी काम, पण वर्षानुवर्षं चाललं. वरण, भात, खिचडी, थंडीत बाजरीच्या भाकरी. मुलं डोंगरातली, जेवायला बसली की आवाज नाही, नुसता ताटांचा खणखणाट. मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन सुरतेला गेली. मी चुलीसमोरच म्हातारा होणार असं धरून चाललो होतो. मग एके दिवशी शाळेच्या दारात एक गाडी आली. तिच्यातून स्टीलचे मोठे डबे उतरले, आत तयार जेवण. यापुढे दूरच्या एका मोठ्या स्वयंपाकघरातून रोज असंच येणार होतं. आम्हाला कुणी वाईट बोललं नाही. फक्त "आता काम नाही" एवढं सांगितलं.

अवजड गाडीचं लायसन मी मधल्या सगळ्या काळात मुदतीत नवं करत आलो होतो. का, ते मलाही सांगता आलं नसतं. बायको म्हणायची, पोरीच्या फोटोसारखं जपून ठेवलंय. ते खिशात घालून मी जुन्या शेठकडे गेलो. गुजरांचं घर, केळी-उसाची शेती, जोडीला ट्रक. शेठ आता खाटेवरच असतात. मला बघून उठून बसायला लागले.

"ह्याचा हात चांगला होता," ते मुलाला म्हणाले.

"होता, दादा," मुलगा म्हणाला. कारभार आता तोच बघतो. पस्तिशीचा, शांत बोलणारा. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काका, गाडी नवी आहे. जमेल ना?"

जमेल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

अंगणातच गाडी चालू केली तर काहीतरी टूं टूं वाजायला लागलं. मी घाबरून बंद केली. तो खालून म्हणाला, "पट्टा लावा काका, पट्टा." आमच्या काळात पट्टा कमरेला असायचा. क्लच इतका हलका की पाय खाली आपटला. गाडी एक गचका देऊन बंद पडली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. घरातल्या बायका खिडकीत आल्या. तापीच्या पुलावरून नंदुरबारच्या दिशेनं एक चक्कर मारून आलो तोवर बनियन पाठीला चिकटलं होतं. मुलगा शेजारी बसला होता. त्याचा उजवा पाय सबंध रस्ताभर ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेकच नव्हता.

तरी त्यानं मला ठेवून घेतलं. सपाटीच्या खेपा दिल्या. जिनिंगहून कापसाच्या गाठी, नंदुरबारच्या बाजारातून मिरची. गर्दीत गाडी मागे घ्यायची वेळ आली की दोनदा खाली उतरून बघायचो, पण निभत होतं. मग घाटाच्या गाडीवरचा नेहमीचा ड्रायव्हर काविळीनं आजारी पडला आणि वर डोंगरात मोलगी गावाला पत्रे-सिमेंटची गाडी जायची होती. येताना आमचूर भरून आणायचं. एप्रिल संपत आला होता, डोंगरात कैऱ्या सोलून वाळवायचे दिवस, व्यापारी थांबायला तयार नव्हता.

"देवगोईचा घाट पाहिलाय ना काका?" मालकाच्या मुलानं विचारलं.

"कैक वेळा," मी म्हणालो. खरं होतं. पण तेव्हा गाडी दुसरी होती आणि माणूसही.

घरी आलो, बायकोला सांगितलं. ती मिरचीचे देठ खुडायला पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानावर, जाते, हाताची आग होते म्हणून संध्याकाळी बोटांना तेल लावत बसते. तेल लावता लावता म्हणाली, "मी बी येसू."

"कोठे?"

"गाडीवर. तुमना संगे."

"बाईमानूस ट्रकमा बठस का कधी?"

"आते बठी," ती म्हणाली. मग बोटं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल चहानी बशी तुमना हातमा वाजी ऱ्हायनी व्हती. माले काय दिसस नही का?"

मी पुष्कळ समजावलं. मालकाला कळलं तर काय म्हणेल, लोक काय म्हणतील. ती ऐकून घेत होती आणि दुसऱ्या दिवसाच्या भाकरी बांधत होती. दोघांच्या.

जाताना काही झालं नाही. अक्कलकुवा सोडलं, चढ लागला, गाडी गुरगुरत चढत राहिली. ती माझ्या डाव्या हाताच्या सीटवर, पट्टा छातीवर घट्ट धरून, खिडकीबाहेर बघत. इतकी वर्षं मी ट्रकवर असताना ती कधी केबिनमध्ये चढली नव्हती. म्हणाली, "इतलं उचावरथून दिसस का हाई सगळं?" मला बरं वाटलं. वाटलं, उगाच घाबरत होतो.

मोलगीला माल उतरवला, आमचूर भरलं. व्यापाऱ्यानं पोती बांधता बांधता वर अजून एक थर चढवला. मी नको म्हणालो तर म्हणाला, "नेहमीचा ड्रायव्हर नेतो, तुम्हालाच काय झालं?" मी दोरी आवळून घेतली. दुपार उलटायच्या आत निघालो.

उताराचा साधा नियम आहे. ज्या गिअरमध्ये गाडी चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. तो मला पाठ होता. पण सुरुवातीचा उतार मऊ होता, पुढे मागे कुणी नव्हतं, आणि मी एक गिअर वर राहिलो. मग एका वळणावर अचानक तिघं बसलेली मोटारसायकल समोर. ब्रेक. पुढे रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली. ब्रेक. खडी संपते तोच शेळ्या, मागे पोरगी काठी घेऊन, रस्त्याच्या मधोमध. पुन्हा ब्रेक, आणि हा लांब.

शेळ्या बाजूला झाल्या. बायकोनं नाक वर केलं.

"कसाना वास शे हाऊ?"

मला तो आधीच आला होता. जळक्या रबरासारखा, कडवट. मी म्हणालो, "ब्रेकना." जितकं साधं म्हणता येईल तितकं साधं.

ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला, पण गाडीनं पाहिजे तसं ऐकलं नाही. थोडी थबकली आणि पुन्हा पळायला लागली. समोरचा उतार सरळ होता आणि त्याच्या टोकाला उजवीकडे वळण, पलीकडे दरी. वळणाच्या खालच्या अंगाला रस्ता पुन्हा दिसत होता. तिथून एक जीप वर येत होती. आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर माणसं. मोलगीच्या बाजाराची गर्दी. म्हणजे मी त्या वळणावर पोचायच्या वेळेलाच ती तिथे असणार.

गिअर खाली घ्यायचा होता. मी क्लच दाबून दांडा ओढला. तो निघाला, पण पुढच्या खाचेत बसेना. गाडीचा वेग जास्त होता. करकर करून दांडा हाताला मागे ढकलत होता. जुन्या गाड्यांना मधे ॲक्सिलेटर मारून गिअर बसवायची रीत होती, तीही करून पाहिली. पायाला या नव्या गाडीचा अंदाज नव्हता. पुन्हा करकर. गाडी आता कुठल्याच गिअरमध्ये नव्हती. इंजिन मोकळं, ब्रेक तापलेले, पाठीवर आमचुराचा डोंगर. घाटात ट्रक मोकळा सुटणं म्हणजे काय, हे ज्यानं गाडी चालवली त्यालाच कळेल. आवाजच बदलतो. इंजिनचा आवाज बारीक होतो आणि वाऱ्याचा वाढतो.

मी हॉर्नवर हात दाबून धरला. खालची जीप येतच होती.

डोंगर डाव्या हाताला होता. खडकाची कड, तिच्या पायथ्याशी पाणी वाहायची चर. गाडी थांबवायची तर त्या चरीत घालायची आणि खडकावर घासायची, दुसरा उपाय नव्हता. आणि डावीकडे ती बसलेली होती.

हे लिहायला जितका वेळ लागतो तितका विचार मी केला नाही. ओरडलो, "पट्टा सोड! इकडे सरक, मन्हाकडे!"

पट्ट्याचं बटण तिला माहीत नव्हतं. तिनं कधी लावलाच नव्हता, लावून आणि सोडून मीच देत होतो. ती दोन्ही हातांनी तो ओढत होती. मी डावा हात स्टिअरिंगवरून काढला, चाचपडत बटण दाबलं, पट्टा सुटला. ती सीटवरून उठून माझ्या अंगावर येऊन पडली. तिचा खांदा माझ्या कोपराखाली अडकला. तसंच स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि हँडब्रेकची खुंटी ओढली.

चाकं चरीत उतरली तेव्हा गाडी डावीकडे कलली. मला वाटलं आडवी होणार. मग खडक लागला. आरसा गेला, त्याचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. नंतर पत्र्याचा आवाज, लांबच लांब. कुणीतरी दातानं चरचर फाडत नेल्यासारखा. डाव्या दाराची काच फुटून सीटवर सांडली, जिथे ती बसली होती तिथे. मागे दोरी तुटली, एक पोतं फाटलं, आणि केबिनमध्ये आमचुराचा भुरका घुसला. डोळे मिटले गेले. गाडी थांबली आहे हे मला डोळे मिटलेलेच असताना कळलं.

"लागनं का तुले?" मी विचारलं.

"नही," ती माझ्या मांडीवरून म्हणाली. "तुमले?"

मला काही लागलं नव्हतं. पण माझा ब्रेकवरचा पाय उचलला जात नव्हता. मी त्याला दोन्ही हातांनी धरून उचललं.

जीप वळणाच्या खालीच थांबली होती. हॉर्न ऐकून तिच्या ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली होती. माझ्याच वयाचा होता. माणसं उतरून वर आली. कुणी काही विचारायच्या आधीच दोघा-तिघांनी दगड उचलून चाकांना लावले. डोंगरातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. एकानं पाण्याचा कॅन आणला आणि चाकावर ओतायला निघाला. मी ओरडलो, "पाणी नको, ब्रेकचा ड्रम तापलाय, तडकेल." माझा आवाज मलाच परका वाटला. नंतर तेच पाणी आम्ही प्यालो.

डावं दार चेमटून बसलं होतं, उघडत नव्हतं. बायको माझ्या बाजूनं खाली उतरली. केसांत काचेचे कण, तोंडावर आमचूर. जीपमधल्या एका म्हातारीनं तिला धरून बसवलं, पदरानं तोंड पुसलं. दोघी काहीतरी बोलत होत्या, एकीची बोली पावरी, दुसरीची अहिराणी, आणि दोघींना एकमेकींचं समजत होतं.

मी जीपवाल्याला बाजूला घेतलं. म्हणालो, "भाऊ, माझ्यानं ही गाडी खाली जाणार नाही. तू ने."

त्यानं आपल्या टपाकडे बघितलं. "मी नेली असती काका. पण ह्या माणसांचं काय करू? बाजार उठेल." मग गाडीखाली वाकून बघून म्हणाला, "वास गेला की ब्रेक लागतील. पहिल्या गिअरमध्ये जा. चालत्या माणसासारखं."

त्यांनी सगळ्यांनी मिळून ढकलून, दगड भरून गाडी चरीतून बाहेर काढायला मदत केली. तुटलेली दोरी बांधून दिली. मग जीप वर गेली आणि घाटात आम्ही दोघंच उरलो. फोनला रेंज नव्हती. मी दगडावर बसलो. कुठल्याही परिस्थितीत पुन्हा त्या सीटवर बसायचं नाही असं मनात चाललं होतं. उद्या सकाळपर्यंत इथेच बसू, कुणी तरी येईल.

ती समोर उभी राहिली. "डावा आरसा गया ना? मंग त्या अंगनं तुमले काय दिसी?"

"काहीच नही."

"मी पुढे चालस. तुम्ही मांगे या."

"उनमा? इतलं?"

"पहिले खाले जाऊत. मंग काय व्हई ते व्हवो."

माझ्या गळ्यातला पिवळा रुमाल तिनं ओढून घेतला, पदर खोचला आणि चालायला लागली. मागे वळूनही पाहिलं नाही. मग मला बसून राहता येईना.

पहिला गिअर टाकला. इंजिननं गाडी धरून ठेवली. ती पुढे, मी मागे, बैलगाडीच्या चालीनं. प्रत्येक आंधळ्या वळणावर ती आधी पुढे जाऊन बघायची, रस्ता मोकळा असला तर रुमाल हलवायची, नसला तर दोन्ही हात वर करायची. मोटारसायकली तिला बघून कडेला थांबायच्या. काही जण हसायचे. एकानं मोबाइल काढून धरला. डांबर इतकं तापलेलं की ती मधूनच कडेच्या मातीतून चालायची.

अर्ध्याच्या खाली अरुंद वळणावर तिनं दोन्ही हात वर केले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पलीकडून एसटी येत होती. एसटीचा ड्रायव्हर बाहेर डोकं काढून ओरडला, "ए बाई, मरायचंय का?" ती हलली नाही. बोटानं माझ्याकडे दाखवलं. त्यानं पाहिलं आणि बस मागे घ्यायला लागला. तोवर मला उतारावर जागच्या जागी थांबायचं होतं. आता ब्रेक लागतो की नाही हे कळणार होतं, आणि ती गाडीच्या नाकासमोर उभी होती.

पाय ठेवला. गाडी थांबली. मग किंचित सरकली, वीतभर. घाम डोळ्यात गेला, पण पुसायला हात सोडवेना. मी काचेतून तिला ओरडून बाजूला हो म्हणत होतो. तिला ऐकू येत नव्हतं, ती बसकडे बघत होती. हँडब्रेक ओढला. सरकणं थांबलं. बस इंचाइंचानं मागे गेली, वळणाची रुंद जागा आली, आणि तिनं रुमाल हलवला. मी जाताना एसटीवाल्यानं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. नमस्कार होता की काय होतं, मला कळलं नाही.

सपाटी लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती माझ्या दारातून चढून वर आली, काच झटकलेल्या सीटवर बसली आणि चपला काढल्या. टाचांना फोड आले होते. मी रडायला लागलो. ती म्हणाली, "आते काय? आते तं उतरनूत." आणि भाकरी सोडली. सकाळपासून आम्ही जेवलो नव्हतो.

प्रकाशाला पोचेपर्यंत मी मालकाच्या मुलाला काय सांगायचं ते घोळवत होतो. सांगायची वेळच आली नाही. तो अंगणात मोबाइल घेऊन उभा होता. घाटात कुणीतरी काढलेली फिल्म आमच्या आधी गावात पोचली होती. ट्रकपुढे रुमाल हलवत चालणारी बाई. त्यानं गाडीला एक फेरी मारली. घासलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. दाराशी थांबला, काच नसलेल्या खिडकीतून आतली सीट बघितली.

"काकू इथे बसल्या होत्या?"

"हो."

"कुणाला विचारून?"

मी खाली मान घातली. मग तो तिच्याकडे वळून म्हणाला, "काकू, आत या. आई बोलावते आहे. पायाला काहीतरी लावा." मला मात्र म्हणाला, "काका, तुम्ही उद्यापासून येऊ नका. आधी मला विचार करू द्या."

ते दिवस वाईट गेले. मुलीनं सुरतेहून फोन करून सांगितलं, पप्पा, आता बस करा, इथे या, एखादी वॉचमनची नोकरी बघू. मला ते पटतही होतं. पण रात्री डोळे मिटले की हातात तो दांडा यायचा, खाचेत न बसणारा. तो तसाच ठेवून मला म्हातारं व्हायचं नव्हतं.

मी स्वतःच गेलो. मालकाच्या मुलाला म्हणालो, "मला ठेव किंवा नको ठेवू. पण एकदा तो घाट तुझ्या ड्रायव्हरशेजारी बसून उतरू दे. मग त्याला शेजारी बसवून मला उतरवू दे." तो नको म्हणाला. आतून शेठचा आवाज आला, खाटेवरून, "जाऊ दे त्याला."

ड्रायव्हर काविळीतून उठला तेव्हा आम्ही गेलो. पहिली खेप त्यानं चालवली आणि मी त्याचे पाय बघत राहिलो. तो कुठे काय करतो ते तोंडानं सांगत होता आणि मी शाळेतल्या मुलासारखं विचारत होतो, लाज न बाळगता. दुसऱ्या खेपेला मोलगीत पोती भरली जात असताना व्यापाऱ्यानं वरचा थर चढवायला माणूस पाठवला. मी त्याला खाली उतरवलं. व्यापारी रागावला. म्हणाला, नेहमीचा ड्रायव्हर नेतो. नेहमीचा ड्रायव्हर माझ्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "आज गाडी काकांची आहे."

उतार सुरू व्हायच्या आधी मी गाडी थांबवून गिअर खाली घेतला. मऊ उतार होता, मागे गाड्या हॉर्न देत होत्या, मी वाढवला नाही. खडकावर माझ्या ट्रकच्या रंगाचा लांब ओरखडा होता, तो डाव्या हाताला आला आणि मागे गेला. माझे हात त्या वेळीही कापत होते. खाली पोचेपर्यंत कापत होते. पण गाडी गिअरमध्येच राहिली.

अक्कलकुव्याला चहाच्या टपरीवर थांबलो आणि घरी फोन लावला. ती पथारीवर होती, मागे बायकांचा गलका.

"उतरनू," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. मग कुणाला तरी काहीतरी सांगितलं, बायका हसल्या, आणि पुन्हा फोनवर येऊन म्हणाली, "येतांना अक्कलकुवाथून माले नव्या चपला लई या. पहिल्या कवयच तुटी गयात."